विमानाचा रिव्हेट हाताने नेमक्या मापात कसा कापावा: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्या बांधणाऱ्यांसाठी

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. २०१७ मध्ये डीजीसीएकडे, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणीही झाली. तेव्हापासून "घरी विमान बांधता येतं का?" हा प्रश्न मला वागळे इस्टेटपासून पनवेलपर्यंत अनेकांनी विचारला आहे. त्यातले काही जण खरंच कामाला लागतात. किटचा, म्हणजे विमानाच्या सुट्या भागांचा, खोका येतो, पत्रे बाहेर निघतात आणि पहिल्याच आठवड्यात गाडी अडते ती पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या लांबीपाशी. हाताशी असलेला एक रिव्हेट आखूड पडतो, दुसरा लांब. मधल्या मापाचा मागवायचा तर परदेशातून येऊन कस्टममधून सुटेपर्यंत काम ठप्प.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. लांब रिव्हेट घ्यायचा आणि हाताच्या कटरने मापात कापायचा. आवाज होत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये रात्री दहा वाजताही हे काम करता येतं. पण त्यात एक गोष्ट सांभाळावी लागते: कापलेलं टोक दांडीशी बरोबर काटकोनात हवं आणि लांबी प्रत्यक्ष मोजलेली हवी. पुढे ठोकून जे डोकं तयार होतं ते सरळ बसेल की कलेल, हे बऱ्याच अंशी या कापण्यातच ठरतं. म्हणून इतक्या छोट्या कामावर एवढं सविस्तर लिहितो आहे.

१. आधी रिव्हेट ओळखा

विमानाच्या पत्र्याला बहुतेक ठिकाणी 'एडी' जातीचे भरीव रिव्हेट लागतात. हा २११७-टी४ मिश्रधातू. खूण सोपी आहे: डोक्याच्या मधोमध छोटा खळगा असतो. गोल डोक्याचा तो एएन४७० किंवा एमएस२०४७०, पत्र्याशी सपाट बसणारा १०० अंशांच्या उताराचा तो एएन४२६ किंवा एमएस२०४२६.

नावातच माप दिलेलं असतं. एमएस२०४७०एडी४-५ मधला ४ म्हणजे जाडी ४/३२ इंच, म्हणजेच १/८ इंच. शेवटचा ५ म्हणजे लांबी ५/१६ इंच. आपल्याकडचे फिटर इंचाचे आठ सूत धरतात, तेव्हा हा एक सूत जाडीचा आणि अडीच सूत लांबीचा रिव्हेट. वर्कशॉपमध्ये कोणाशी बोलायचं असेल तर सूतातच बोला, काम पटकन होतं.

लांबी कुठून मोजतात ते नीट बघा. गोल डोक्याच्या रिव्हेटची लांबी डोक्याच्या खालून धरतात. सपाट डोक्याच्या रिव्हेटची लांबी डोक्याच्या वरच्या पृष्ठापासून धरतात, कारण ते डोकं पत्र्यातच बसतं. नवख्यांची निम्मी मापं इथे चुकतात.

आता सगळ्यात मोठी फसगत. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांचा मोठा बाजार आहे. ठाण्याहून स्लो लोकल आणि वाशीहून हार्बर, दोन्ही मशीद स्टेशनला थांबतात, त्यामुळे आपण सगळे तिथेच जातो. हत्यारं जरूर तिथून घ्या. ॲल्युमिनियमचे रिव्हेट मात्र सुटे, किलोवर मिळतात म्हणून घेऊ नका. डोक्यावर काहीच खूण नसलेला रिव्हेट ११०० जातीच्या मऊ ॲल्युमिनियमचा असतो आणि दिसायला एडीसारखाच असतो. १/८ इंची एडी रिव्हेटची कातर सोसण्याची ताकद ३८८ पौंड धरतात, म्हणजे सुमारे १७६ किलो. मऊ रिव्हेटची ताकद साधारण त्याच्या एक तृतीयांश. तो कापायला लोण्यासारखा जातो, ठोकायलाही सोपा जातो आणि नेमका त्यामुळेच मनात शंका येत नाही. कापण्याआधी मूठभर रिव्हेट पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंगातून प्रत्येकाचा खळगा बघा.

डोक्यावर दोन उठावदार रेघा असलेले रिव्हेट 'डीडी', म्हणजे २०२४ जातीचे. त्यांना उष्णता देऊन, थंड ठेवून, ठरावीक वेळात ठोकावं लागतं. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

२. जवळ काय काय हवं

हत्यारं:

- रिव्हेट कटर. पक्कडीसारख्या दांड्या, तोंडाशी वेगवेगळ्या जाडीची भोकं (साधारण ३/३२, १/८, ५/३२ आणि ३/१६ इंच) आणि बाजूला फिरणाऱ्या मापाच्या पात्या. हे विमानकामाचं खास हत्यार आहे, किटबरोबरच मागवा.
- व्हर्नियर कॅलिपर. डिजिटल असला तर बरं, पण जबडे बंद केल्यावर शून्य दाखवतो ना, ते रोज बघा.
- बारीक दातांची सपाट कानस. ही फक्त ॲल्युमिनियमसाठी. लोखंडावर चालवलेली कानस या कामाला लावली तर लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो.
- शॉप हेड तपासायचं गो-नो-गो गेज, म्हणजे माप मर्यादेत आहे की नाही ते दाखवणारी पट्टी. 'शॉप हेड' म्हणजे ठोकून तयार होणारं दुसरं डोकं.
- हँड स्क्वीझर (रिव्हेट दाबून बसवायचं हातहत्यार), क्लेको पिना (भोकांतून पत्रे तात्पुरते घट्ट धरणाऱ्या) आणि त्यांची पक्कड. ३/३२ ची क्लेको चंदेरी, १/८ ची तांबूस.
- ३० आणि ४० नंबरचे ड्रिल. १/८ च्या रिव्हेटला ३० नंबर (३.२६ मिमी), ३/३२ च्या रिव्हेटला ४० नंबर (२.४९ मिमी).
- संरक्षक चष्मा, भिंग, झाकणाच्या छोट्या डब्या, मार्कर पेन. पेन्सिल नको. तिच्यातलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमवर राहिलं तर त्या रेघेवर पत्रा खातो.

कागद: किटचा मॅन्युअल आणि ड्रॉइंग, ज्यात प्रत्येक जागेचा रिव्हेट लिहिलेला असतो. रिव्हेट विकणाऱ्याचं बिल आणि मालाच्या प्रतीचा दाखला. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचं एसी ४३.१३-१बी हे पुस्तक, जे त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. आणि तुमची बांधणीची वही, फोटोंसह. डीजीसीएकडे काम मांडायची वेळ येते तेव्हा "हा रिव्हेट कुठून आला?" या प्रश्नाला उत्तर म्हणून बिल आणि वही लागते. म्हणून ती पहिल्या दिवसापासून लिहा.

३. किती लांब हवा ते काढा

नियम असा: जोडायच्या सगळ्या पत्र्यांची मिळून जाडी, अधिक रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट. एक सूत जाडीचा रिव्हेट पत्र्यातून दीड सूत बाहेर यायला हवा, म्हणजे ४.७६ मिमी. ठोकल्यावर त्याचं डोकं दीड सूत रुंद आणि अर्धा सूत उंच होतं, म्हणजे ४.७६ आणि १.५९ मिमी. ३/३२ च्या रिव्हेटसाठी हेच आकडे: बाहेर ३.५७, डोक्याची रुंदी ३.५७, उंची १.१९ मिमी.

उदाहरण घेऊ. ०.०३२ इंचाचे दोन पत्रे एकावर एक: १.६३ मिमी. त्यात ४.७६ मिळवले की ६.३९. एडी४-४ ची लांबी ६.३५ मिमी आहे. तोच घ्या, कापायची गरज नाही.

आता एक पत्रा ०.०३२ चा आणि दुसरा ०.०६३ चा. बेरीज २.४१ मिमी, त्यात ४.७६ मिळवून ७.१७. एडी४-४ आखूड पडतो. एडी४-५ आहे ७.९४ मिमी, म्हणजे पाऊण मिलिमीटरने जास्त. काही लांब्या अर्ध्या पायरीतही मिळतात, पण त्या हाताशी नसतील तर इथे ४-५ घेऊन ७.१ ते ७.२ मिमी पर्यंत कापायचा.

पाऊण मिलिमीटरने काय बिघडतं? दांडी जास्त बाहेर राहिली की दाबताना ती आधी वाकते आणि मग चेपते. डोकं एका बाजूला कलतं. स्क्वीझर सरळ रेषेत दाबतो म्हणून त्याने थोडं निभावतं, हवेची रिव्हेट गन आणि मागे आधाराला धरलेला लोखंडी ठोकळा, म्हणजे बकिंग बार, यांनी ठोकताना मात्र हमखास कलतं. उलट आखूड रिव्हेटचं डोकं पातळ आणि अरुंद होतं, आणि वरवर बघताना ते नीटनेटकं दिसतं. त्यामुळे आखूड जास्त धोक्याचा. शंका असेल तर जरा लांब ठेवा आणि गेजने तपासा.

पत्र्याची जाडी ड्रॉइंगवरून घेऊ नका. प्रायमर, मधली पट्टी, भोकाला दिलेला खळगा, या सगळ्यांनी फरक पडतो. क्लेको लावून पत्रे घट्ट करा, भोकात लांब रिव्हेट घाला आणि मागे किती निघतो ते व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मोजा. रिव्हेटच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा जास्त जे निघेल तेवढंच कापायचं. वहीत जागेचा क्रमांक आणि हे माप लिहा.

४. कटर लावा आणि एकच कापा

कटरच्या मापाच्या पात्या रिव्हेटचं डोकं आणि कापणारं तोंड यांच्या मध्ये येतात. जितक्या जास्त पात्या मध्ये, तितकी लांब दांडी शिल्लक राहते. पात्या बहुधा १/१६ इंचाच्या पायरीने असतात. मधलं माप हवं असेल तर फिलर गेजची एखादी पात त्यांच्यात सरकवता येते.

रिव्हेट त्याच्याच जाडीच्या भोकात घाला. १/८ चा रिव्हेट ५/३२ च्या भोकातही जातो, पण तिथे तो तिरका उभा राहतो आणि तिरकाच कापला जातो. डोकं पातीवर सगळीकडून टेकलंय ना, ते अंगठ्याने दाबून बघा. चष्मा लावा. कापायचं टोक जाड फडक्यात किंवा डबीच्या तोंडाशी धरा, कारण तुकडा गोळीसारखा सुटतो. मग दांड्या एका दमात, न थांबता दाबा. अर्ध्यावर थांबून पुन्हा दाबलं की कापलेल्या पृष्ठावर पायरी पडते.

पहिला रिव्हेट कापून मोजा. माप बरोबर आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. सपाट डोक्याच्या रिव्हेटला हे दुप्पट काळजीने करा. त्याचं उताराचं डोकं पातीवर वेगळ्या उंचीवर टेकतं, त्यामुळे गोल डोक्यासाठी लावलेलं माप त्याला चालत नाही.

साइड कटरने कापलं तर नाही चालणार का, असं सगळे विचारतात. साइड कटरची दोन्ही पाती दोन बाजूंनी आत शिरतात आणि टोक कौलारू छपरासारखं मधे उंच, दोन्हीकडे उतरतं राहतं. ते तसंच ठोकलं तर डोकं कुठल्या तरी एका उतारावर घसरणार. शिवाय दांडी चेपून अंडाकृती होते आणि भोकात जाता जात नाही. नुसत्या साइड कटरने कापलेला रिव्हेट विमानात घालू नका.

ग्राइंडर तर मुळीच नको. मऊ ॲल्युमिनियम दगडाच्या छिद्रांत भरतं, दगड तापतो, फुटूही शकतो. रिव्हेट तापला तर त्याच्या धातूचा कडकपणा बदलतो.

कटर अजून आलेला नसेल तर गेज पट्टी करून घ्या. जाड पोलादी पट्टी हव्या त्या लांबीच्या जाडीला घासून घ्यायची, तिला ३० नंबरचं सरळ भोक पाडायचं आणि मग कडक करून घ्यायची. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, कुठल्याही छोट्या टर्नरच्या गाळ्यात हे होतं. मी ज्या काकांकडून पट्टी करून घेतली त्यांनी चित्र बघितलं आणि विचारलं, "जाडी किती सूत?" "सूतात बसत नाही काका, सात पूर्णांक दोन मिलिमीटर. आणि दोन्ही बाजू समांतर हव्यात." त्यांनी पट्टी सरफेस ग्राइंडरला लावली, चार कोपऱ्यांवर मायक्रोमीटर ठेवून मला दाखवला आणि मगच भोक पाडलं. चारही कोपरे मोजून दाखवणारा माणूस मिळाला की काम त्यालाच द्या.

पट्टीत रिव्हेट वरून घाला. खाली जास्तीची दांडी निघेल, ती साइड कटरने जरा लांबच ठेवून तोडा. पट्टी उलटी करून व्हाइसमध्ये धरा आणि उरलेला भाग कानशीने पट्टीच्या पातळीपर्यंत आणा. कानस कडक पोलादावर घसरू लागली की थांबा. टोक काटकोनात आलेलं असतं. सपाट डोक्यासाठी पट्टीच्या भोकाला १०० अंशांचा उतार द्यायचा, म्हणजे डोकं आत बसतं आणि पट्टीची जाडी हीच रिव्हेटची पूर्ण लांबी होते. हे काम हळू चालतं, पण कटरइतकंच चोख होतं.

५. टोक तपासा

कापलेला रिव्हेट भिंगाखाली धरा. पृष्ठ चकचकीत आणि एकसारखं सपाट दिसायला हवं. एका कडेला बारीक धार राहिलेली असते, वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती कानशीच्या एक-दोन हलक्या हातांत जाते. रिव्हेट त्यासाठी पक्कडीत धरू नका, दांडीवर दातांचे व्रण उठतात आणि व्रण म्हणजे तडा जायला आयती जागा. रिव्हेटच्या लांबीपेक्षा पातळ लाकडी पट्टीला ३० नंबरचं भोक पाडा, त्यात खालून रिव्हेट घाला, म्हणजे डोकं खाली आणि टोक वर राहील, आणि टोकावरून कानस फिरवा.

मग भंगार पत्र्याला पाडलेल्या ३० नंबरच्या भोकातून तो बोटाने सरकवून बघा. अडला तर बर राहिली आहे किंवा टोक चेपलंय. हातोडीने आत घालायचा मोह आवरा. लागोपाठ काही रिव्हेट अडू लागले तर कटरची धार गेली असं समजा.

६. भंगार पत्र्यावर बसवून बघा

खऱ्या जोडाइतक्याच जाडीचे दोन तुकडे घ्या, भोकं पाडा, भोकांची बर काढा आणि कापलेले काही रिव्हेट स्क्वीझरने दाबा. गेज लावा. रुंदी, उंची आणि डोक्याचं मध्य या तिन्ही गोष्टी बघा. सगळी डोकी एकाच बाजूला कलत असतील तर बहुतेक वेळा कापलेलं टोक तिरकं असतं. वेगवेगळ्या बाजूंना कलत असतील तर लांबी किंवा दाबणारा हात तपासा. हा नमुना फेकू नका, त्यावर तारीख आणि माप मार्करने लिहून ठेवा. तपासायला येणाऱ्या जाणकाराला तो दाखवता येतो.

खऱ्या जोडात एखादं डोकं बिघडलंच तर काढायचं असं: कारखान्यातल्या डोक्याच्या मधल्या खळग्यात रिव्हेटपेक्षा एक माप लहान ड्रिल धरून फक्त डोक्याच्या जाडीइतकंच भोक पाडा, पंचने डोकं तोडा, मागे आधार देऊन दांडी हलक्या हाताने बाहेर काढा. एडीचा खळगा इथे ड्रिल मधोमध धरायला उपयोगी पडतो. डोकं किंचितच कललेलं असेल आणि गेजमध्ये बसत असेल तर ते तसंच राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. काढताना भोक मोठं होण्याचा धोका त्या किंचित कलण्यापेक्षा मोठा असतो.

७. एकदम किती कापायचे

एका जोडाला लागतील तेवढे आणि वर थोडे. हे काम पत्र्यांपासून दूर, वेगळ्या टेबलावर करा. ॲल्युमिनियमचा तुकडा चुंबकाला चिकटत नाही. पंखात किंवा शेपटीत पडला तर शोधणं अवघड, आणि कंट्रोलच्या दांड्यांत अडकला तर काय होईल ते सांगायला नको. टेबलावर पांढरी चादर पसरा, उठताना ती झटकून तुकडे एका बरणीत भरा.

कापलेले रिव्हेट मूळ डबीत परत टाकू नका. एडी४-५ च्या डबीत ७.२ मिमीचे मिसळले की नंतर डोळ्यांनी फरक कळत नाही. वेगळी डबी आणि तिच्यावर जाडी, कापलेली लांबी, जोडाचा क्रमांक.

आपल्या भागात डबीत सिलिका जेलची पुडी हवीच. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, खाडीच्या जितकं जवळ तितकी हवा खारट, आणि पावसाळ्याचे चार महिने तर गाळ्याच्या भिंतीही घामेजतात. रिव्हेटवरचा संरक्षक थर कापलेल्या टोकावर उरत नाही. ठोकल्यावर शॉप हेडवर ब्रशने प्रायमरचा ठिपका द्या. कापलेल्या टोकाला ठोकण्याआधी प्रायमर लावू नका, तो दाबताना तुटून पडतो.

८. पॉप रिव्हेटचा खिळा

काही किटमध्ये भरीव रिव्हेटऐवजी मधला खिळा ओढून बसवायचे, म्हणजे पॉप, रिव्हेट असतात. त्यांची दांडी बसवण्याआधी कापत नाहीत, पत्र्यांच्या जाडीला योग्य अशा पकडीचाच रिव्हेट निवडावा लागतो. मधला खिळा तुटल्यावर कधी त्याचं टोक डोक्यावर उभं राहतं. तेवढंच कापायचं. भोवती मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा, सपाट तोंडाच्या कटरने टोक तोडा आणि बारीक कानशीने डोक्याच्या पातळीला आणा. ही कानस वेगळी ठेवा, कारण खिळा बऱ्याचदा पोलादी असतो. त्याचा कीस लगेच व्हॅक्यूमने ओढून घ्या. फडक्याने पुसला तर पत्र्यावर ओरखडे उठतात, आणि राहिला तर पहिल्या पावसात पत्र्यावर तांबूस ठिपके दिसू लागतात.

ज्या रिव्हेटमध्ये खिळा जागेवर धरून ठेवणारी कडी असते, त्यांच्यावर कानस लावण्याआधी बनवणाऱ्याच्या सूचना वाचा. ती कडी घासली गेली तर खिळा सुटतो आणि रिव्हेटची बरीचशी ताकद त्या खिळ्यात असते.